घारीचं वकीलपत्र

आपल्याकडे गरुड व्हायला हरकत नाही; घार मात्र होऊ नये. गरुडाला विष्णूसमोर हात जोडून उभं राहायला मिळतं, देवळापुढे त्याच्या नावाचा खांब असतो, आणि दहावी-बारावीचे निकाल लागले की वर्तमानपत्रातल्या निम्म्या मथळ्यांत तोच असतो. 'अमुक अमुक हिची गरुडझेप' हे तुम्ही शंभरदा वाचलं असेल. 'घारझेप' एकदा तरी वाचलीत? घारीच्या वाट्याला येते ती झडप. झेप आणि झडप यांत फरक एवढाच की, झेप घेणाऱ्याचा सत्कार होतो आणि झडप घालणाऱ्याचा बंदोबस्त.

बरं, हा गरुड एवढा मोठा कशाने झाला? आईला दास्यातून सोडवण्यासाठी त्याने अमृताचा कुंभ पळवला. कोणाचा? प्रत्यक्ष देवांचा. पहारेकरी लोळवून, आगीतून वाट काढून. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्याने दिवसाढवळ्या स्ट्राँगरूम फोडली. त्यावर विष्णूने काय केलं? त्याला वाहन म्हणून ठेवून घेतलं. म्हणजे कायम नोकरी, राहायला वैकुंठात जागा आणि साहेबांशी रोजची ऊठबस! आणि घारीने कोळणीच्या वाळवणातली एक मांदेली उचलली, तर ती चोर. मी बी. कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत घासतो आहे, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. पाच हजारांचा हप्ता चुकवणाऱ्याच्या दाराशी बँकेची माणसं जातात. पाच कोटी थकवणारा स्वतःच बँकेत येतो आणि त्याला केबिनमध्ये चहा मिळतो. सोबत बिस्किटंही.

हा विषय मला सुचलेला नाही, तो माझ्या अंगावर आलेला आहे; आणि तो आणणारे गृहस्थ आमचे साडू आहेत. साडू राहतात ठाण्याला, पण त्यांचा जीव असतो थळला. अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी जे थळ आहे, तिथल्या एका बंगल्यांच्या वसाहतीत त्यांनी बंगला बांधला आहे. बंगल्याचं नाव 'गरुडझेप'. फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे दोन गरुड बसवले आहेत. रंगाऱ्याने त्यांच्या चोचींना इतका पिवळा रंग दिला आहे की, लांबून कावीळ झालेले पोपट वाटावेत. पण साडू येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवतात, आणि आपणही 'वा!' म्हणतो. साडूच्या बंगल्याला 'वा' म्हणणं हे लग्नाच्या करारातलं न छापलेलं कलम आहे.

तर हे साडू गेल्या हिवाळ्यात व्हरांड्यात जेवायला बसले होते. पानात सुरमईची तळलेली तुकडी होती. वरून घार आली आणि तुकडी घेऊन गेली. साडूंना नखही लागलं नाही, पण अपमान खोलवर लागला. त्याच आठवड्यात वसाहतीची सभा भरली आणि ठरावाचा मसुदा तयार झाला : 'घारींचा वाढता उपद्रव लक्षात घेता, ज्यावर त्यांचे घरटे आहे ते समुद्राकडील सुरूचे झाड तोडण्यात यावे.' दोन महिन्यांपूर्वी, नोव्हेंबरात, याच वसाहतीच्या व्हॉट्सॲप गटावर पक्षी सप्ताहाच्या शुभेच्छांचा पाऊस पडला होता. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. म्हणून त्या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. साडूंनी तेव्हा उगवत्या सूर्यापुढे उडणाऱ्या पक्ष्याचं चित्र पाठवलं होतं. तो पक्षी घारच होती. पण ती चित्रात होती आणि सुरमई तव्यावर होती, तोवर कोणाचीच तक्रार नव्हती.

अलिबागच्या लोकांना खरं तर घारीचं दुःख सगळ्यात आधी कळायला हवं. 'अलिबागसे आया है क्या?' हे वाक्य ऐकून ज्यांचे कान किटले, त्यांच्यातल्या एकाने थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली आणि विनोद मनावर घेऊ नका, अशा अर्थाचं सांगितलं. अलिबागकराला निदान वकील तरी मिळाला. घारीला तोही नाही. म्हणून हे वकीलपत्र मी घेतलं आहे. फी नाही, तारखाही नाहीत.

माझा पहिला मुद्दा ओळखपत्राचा. बँकेत हल्ली माणूस पंचवीस वर्षं खातं चालवत असला, तरी आम्ही त्याला 'केवायसी'साठी बोलावतो. तुम्ही तेच का, हे कागदावर सिद्ध करा म्हणतो. मग एका जिवाचं घर पाडताना आरोपी तोच का, एवढं तरी पाहावं की नाही? मी साडूंना विचारलं, "तुकडी नेणाऱ्या घारीचं शेपूट कसं होतं?"

"शेपूट? अहो, मी तुकडीकडे बघत होतो!"

"माशाच्या शेपटीसारखं मधे खाच असलेलं, की गोल?"

"खाच होती बहुतेक. आणि रंग मळकट. आपल्या जुन्या सतरंजीसारखा."

झालं, माझी निम्मी केस तिथेच जिंकली. मळकट तपकिरी रंग आणि खाचेचं शेपूट म्हणजे साधी घार. गावात, बाजारात, कचऱ्यावर फिरते ती. सुरूच्या झाडावर घरटं होतं ते ब्राह्मणी घारीचं. तिचं डोकं, मान आणि छाती पांढरी, बाकीचं अंग तांबूस विटकरी, आणि शेपटीचं टोक गोलसर. नाव ब्राह्मणी, पण आहार मुख्यतः मासळी आणि खेकडे. सारस्वत मंडळींना यात काहीच वावगं वाटणार नाही. संस्कृतात तिला क्षेमंकरी म्हणतात, म्हणजे कल्याण करणारी. आणि दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी हीच गरुड मानली जाते. ती देवळावर घिरट्या घालू लागली की लोक हात जोडतात. याच किनाऱ्यावर तिसराही एक आहे, समुद्री गरुड. तो आकाराने बराच मोठा, पोटाकडून पांढरा, आखूड पाचरीसारख्या शेपटीचा. तिघेही वर आकाशात असले की खाली आपण एकच आरोळी ठोकतो : 'घार!' म्हणजे गुन्हा एका खात्यावर, जप्ती दुसऱ्यावर. आमच्या बँकेत असं झालं तर कारकून निलंबित होतो. वसाहतीच्या सभेत असं झालं तर ठराव मंजूर होतो.

यावर साडू म्हणाले, "सगळ्या मेल्या सारख्याच!" हा युक्तिवाद मी कॅश काउंटरच्या त्या बाजूने आमच्याबद्दलही ऐकला आहे. तो तेव्हाही खोटा होता.

दुसरा मुद्दा चोरीचा. त्याला मी स्वतः साक्षीदार आहे. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी स्कूटरवरून थळला निघालो होतो. गावात शिरताना एका चिऱ्याच्या बुटक्या कुंपणावर ती बसली होती. माझ्यापासून फार तर दहा पावलांवर. मी स्कूटर बंद केली. इतक्या जवळून ब्राह्मणी घार मी कधी पाहिली नव्हती. पायाखाली बोटभर लांबीचा मासा होता. एका पायाने तो दाबून ती चोचीने लचके तोडत होती, आणि प्रत्येक लचक्यानंतर मान वर करून मला पाहत होती. त्या नजरेत भीती नव्हती, माया तर नव्हतीच. आमच्या बँकेत ऑडिटला येणारे साहेब जसे फाइलवरून मान उचलून बघतात, तसं ते बघणं होतं : तू कोण आणि तुझं इथे काय काम? मी श्वास धरून उभा. छातीवरच्या पांढऱ्या पिसांत बारीक काळसर रेघा होत्या, त्या वाऱ्याने हलत होत्या. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मला इतकं निरखून कोणी पाहिलेलं नाही. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात सुद्धा नाही.

तेवढ्यात मागून एक मोटार आली. कचकन थांबली. चार दारं उघडली आणि सहा माणसं उतरली. "ईगल! ईगल!" असा गलका झाला. एकाने तिच्याकडे पाठ करून, हात लांब करून स्वतःचाच फोटो काढायला सुरुवात केली. दुसऱ्याने, ती भुकेली असेल म्हणून, पुडीतली शेव फेकली. समोर ताजा मासा खात असलेल्या पक्ष्याला शेव! तिसरे वयस्कर होते, त्यांनी चपला काढून नमस्कार केला. चौथा म्हणाला, "उडत का नाही? जखमी असेल," आणि ती जखमी आहे की नाही हे पाहायला काठी शोधू लागला. घारीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि ती उडाली. गडबडीत मासा खाली पडला. तो कावळ्याने नेला. मोटार निघून गेली. सहाही जण आनंदात होते.

डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण मघापासून बघत थांबली होती. ती मला म्हणाली, "जेवत्याला उठवतात काय, दादा?" आता ही बाई घारीची भक्तीण नव्हे. पुढे तिच्या अंगणात मी पाहिलं, वाळत घातलेल्या मासळीवर तिने जुनं जाळं ताणून बांधलं होतं आणि त्याच्याभोवती घिरट्या घालणाऱ्या घारींना ती ज्या शिव्या घालत होती, त्या या पुस्तकात छापता येणार नाहीत. पण ते भांडण शेजारणींचं होतं. त्यात 'मेले' होतं, 'मुडदा' होता, 'झाड तोडा' नव्हतं.

ताटावरून माणसाला उठवू नये, ही आपली रीत. वसुलीला गेलेला माणूसही ऋणको जेवत असला तर ओट्यावर टेकतो. त्या सकाळी थळच्या रस्त्यावर चोरी झाली हे मला मान्य आहे. फक्त ती घारीने केली नाही. घारीच्या ताटातून झाली. हा पुरावा मी साडूंपुढे ठेवला. त्यांचं म्हणणं पडलं की, माझ्या ताटातली तुकडी सुरमईची होती. म्हणजे किमतीचा फरक आहे!

आता सुरमईचंही पाहू. साधी घार माणसाच्या ताटावर येते ती का येते? समुद्रावर सहलीला येणारी मंडळी उरलेलं चिकन हवेत उडवतात, घारींना झेलायला लावतात आणि त्याची चलचित्रं काढतात. कागदी ताटल्या, हाडं, काटे वाळूतच टाकून जातात. आधी ताटाची सवय आपण लावायची आणि मग ताटावर आली म्हणून बोंब मारायची. बिनव्याजी कर्ज वाटून लोकांना सवय लावल्यावर वसुलीच्या नावाने गळा काढणाऱ्या पतसंस्था मी पाहिल्या आहेत. त्यांच्यातही दोष नेहमी कर्जदाराचाच निघतो.

तिसरा आक्षेप घाणीचा. घार घाणीवर बसते म्हणून घाणेरडी, हे म्हणजे झाडूवाला कचऱ्याजवळ दिसतो म्हणून कचरा त्याने केला म्हणण्यासारखं आहे. मासे उतरतात तिथली आतडी-डोकी, मेलेले उंदीर, किनाऱ्याला लागलेले कुजके मासे हे सगळं ती पगाराविना उचलते. हे काम करणाऱ्या पक्ष्याला आपण किंमत दिली नाही की काय होतं, याचा हिशोब आपल्या देशात एकदा झालेला आहे. गिधाडालाही आपण अभद्रच म्हणायचो. १९९०च्या दशकापासून ती दिसेनाशी झाली, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं तर शंभरातली नव्याण्णवांहून जास्त संपली. कारण होतं गुरांना देण्यात येणारं डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. हे २००४च्या सुमारास उघड झालं, २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. तोवर मेलेली जनावरं उघड्यावर पडून राहिली होती आणि ती खाऊन भटकी कुत्री वाढली होती. गिधाडं घालवण्याचा ठराव कोणत्याही सभेत झाला नव्हता. नुसत्या दुर्लक्षाने एवढं झालं. घारीच्या बाबतीत तर आपण ठराव करून, सूचक-अनुमोदकासह पुढे चाललो आहोत.

चौथा आक्षेप मुलांना भीती असल्याचा. घरट्याजवळ गेलं तर घार क्वचित अंगावर येते, हे खरं. आपल्या मुलाच्या पाळण्याशी परका माणूस घोटाळू लागला तर आमची सौ.ही अंगावर जाईल, आणि ती क्वचित नव्हे. मुळात हा धोका वर्षभराचा नसतो. ब्राह्मणी घारीचा विणीचा काळ साधारण डिसेंबर ते एप्रिल. अंडी घातल्यापासून पिल्लू उडेपर्यंत दोन-अडीच महिने. तेवढे दिवस मुलांनी दुसऱ्या कोपऱ्यात क्रिकेट खेळलं तर महाराष्ट्राचं क्रिकेट बुडणार नाही. आईच्या काळजीचा दाखला द्यायची वेळ आली की पिलांपाशी जीव गुंतलेली घार आपल्याला चालते. हाच जीव प्रत्यक्षात दिसला की मात्र उपद्रव!

यावर एका सभासदाने तोड काढली : झाड तोडण्यापूर्वी घरटं अलगद उचलून दुसरीकडे ठेवू. ही सूचना अगदी मायेने आली होती. मी त्यांना एवढंच सांगितलं की, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाचा अर्थ बंदूक चालवण्यापुरता नाही. पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही त्यात येतं. म्हणजे ठरावावर सह्या करणारी सात-आठ पेन्शनर मंडळी कायद्याच्या दृष्टीने शिकारीला निघाली होती. सभेत एकदम शांतता पसरली. मग कोणीतरी चहाचं काय झालं ते विचारलं.

आता खरी गोष्ट सांगतो. कर्जाच्या अर्जावर 'कर्जाचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात लोक 'घरदुरुस्ती' लिहितात. खरं कारण मुलीचं लग्न असतं. वीस वर्षांत मी तो रकाना वाचायला शिकलो आहे. साडूंच्या व्हरांड्यात उभं राहिलं की ते सुरूचं झाड अगदी समोर येतं, आणि त्याच्या मागे समुद्रात खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीवर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधायला घेतला, तो इंग्रजांना आणि सिद्दीला पुरून उरला. २०२५च्या जुलैत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्यांत खांदेरीही आहे. अभिमानाची गोष्ट आहे. पण तेव्हापासून वसाहतीत 'व्ह्यू' हा शब्द फार ऐकू येऊ लागला. व्ह्यू असलेल्या बंगल्याचा भाव वेगळा, नसलेल्याचा वेगळा. व्ह्यूच्या आड झाड येतं. पण 'भाव वाढावा म्हणून झाड तोडावे' असं ठरावात लिहायला माणसाला लाज वाटते. मग घार कामी येते. सुरमईच्या एका तुकडीवर एवढं मोठं झाड काढून घ्यायचा हा व्यवहार साडूंना स्वस्तात पडतो आहे.

आणि झाडं आधीच किती उरली आहेत? ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकलं. रायगडातल्या नारळी-पोफळी, आंबे, सुरू धडाधड आडवे झाले. त्या झाडांबरोबर किती घरटी गेली, त्याचा पंचनामा झाला नाही. पंचनामा घरांचा असतो, घरट्यांचा नसतो. समुद्री गरुड तर वर्षानुवर्षं तेच घरटं काड्या घालून वापरतो. उंच, जुनं, समुद्राकडे तोंड केलेलं झाड त्याला लागतं, आणि नेमकं तेच आमच्या व्ह्यूच्या आड येतं. वादळाने नेलं त्याला इलाज नव्हता. वादळातून वाचलेलं झाड सूचक-अनुमोदकांनी न्यावं, ही मात्र कमाल झाली.

थळपासून स्कूटरच्या टप्प्यात किहीम आहे. तिथे १९३० साली सालिम अलींनी सुगरणीच्या घरट्यांवर डोळे लावून दिवस काढले. नर अर्धं घरटं बांधून थांबतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तरच उरलेलं बांधकाम होतं, हे त्यांनी बारकाईने टिपून ठेवलं. आजच्या बंगलेवाल्यांनी यातला फक्त पसंतीचा भाग उचलला आहे. ज्या किनाऱ्यावर एक माणूस पक्ष्याचं घर पाहता पाहता जगाला ठाऊक झाला, त्याच किनाऱ्यावर आम्ही पक्ष्याचं घर पाडायला सभा घेतो.

माझं मागणं फार नाही. रस्त्याकडेला घार दिसली तर लांब थांबा आणि ती जेवत असेल तर जेवू द्या. तिला शेव लागत नाही. खरोखर जखमी असली, तर काठी न शोधता वन विभागाच्या १९२६ या नंबरावर फोन करा. पतंग नायलॉनच्या मांजाने उडवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच त्यावर बंदी घातली आहे, तरी संक्रांतीला घारींचे पंख त्याच्यात कापले जातात. इंग्रजीत पतंगाला आणि घारीला 'काइट' हा एकच शब्द आहे. एकाच्या दोऱ्याने दुसरीचा गळा कापावा, हे काही बरं नव्हे. आणि व्हरांड्यात सुरमई खायची असेल, तर त्या कोळणीसारखं वर जुनं जाळं बांधा. थळला जुन्या जाळ्यांना तोटा नाही.

ठराव तूर्त पुढच्या सभेवर ढकलला आहे. मी पाहुणा, मला मत नाही. पण साडूंना मी एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवली आहे. झाड पडलंच, तर त्याच दिवशी फाटकावरची 'गरुडझेप' ही पाटी उतरवा. दोन सिमेंटचे पोपट राहू देत. त्यांना ना घरटं लागतं, ना मासळी, आणि त्यांच्या आड खांदेरीही येत नाही.